धुळीने शिकवलेले विश्वशास्त्र

ज्यांनी दूरदर्शनचा काळ पाहिला आहे, त्यांना टीव्हीवरच्या ‘मुंग्या’ नक्की आठवत असतील. रात्री कार्यक्रम संपले किंवा वाऱ्याने अँटेना फिरला, की पडद्यावर काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची झुंबड उडायची. मग घरातले कोणीतरी गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचे आणि खालून ‘आलं, आलं... गेलं!’ असा पुकारा व्हायचा. त्या मुंग्यांपैकी बहुतेक मुंग्या टीव्हीच्या आतल्या आणि आसपासच्या विद्युत उपकरणांच्या असत. मात्र त्यातला थोडासा वाटा फार लांबून आलेला होता. सुमारे १,३८० कोटी वर्षांपूर्वी विश्व अगदी तान्हे असताना जो प्रकाश मोकळा झाला, तोच ताणत ताणत सूक्ष्मतरंगांच्या रूपात आपल्या घराच्या अँटेनावर येऊन पडत होता.

या प्रकाशाला शास्त्रज्ञ ‘वैश्विक सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी’ म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सीएमबी असे सुटसुटीत नाव आहे. १९६४-६५ मध्ये अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात होमडेल येथे आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन यांना तो अपघातानेच सापडला. त्यांच्या शिंगाच्या आकाराच्या मोठ्या अँटेनात एक खरखर सतत ऐकू येत होती. अँटेना कुठेही वळवला तरी ती कमी होईना. अँटेनात कबुतरांनी घर केले होते, म्हणून त्यांनी कबुतरे हुसकावली, विष्ठा खरवडून काढली. तरी खरखर तशीच! जवळच प्रिन्स्टन विद्यापीठात रॉबर्ट डिकी यांचा गट नेमका हाच प्रकाश शोधण्याच्या तयारीत होता. दोन्ही गटांची गाठ पडली, तेव्हा त्या खरखरीचा अर्थ उलगडला. १९७८ मध्ये पेन्झियास आणि विल्सन यांना नोबेल मिळाले.

त्यानंतरच्या सहा दशकांत या प्रकाशाने विश्वाबद्दल जेवढे सांगितले, तेवढे दुसऱ्या कशानेच सांगितले नसेल. विश्वाचे वय, त्यातले साध्या द्रव्याचे, कृष्णद्रव्याचे आणि कृष्णऊर्जेचे प्रमाण हे आकडे आज आपण जवळपास खात्रीने सांगतो, ते मुख्यतः सीएमबीच्या जोरावर. आता या विषयात एक शेवटचा मोठा टप्पा उरला आहे: या प्रकाशाचे ध्रुवीकरण मोजणे. त्यासाठी लागणारी साधने तर अवघड आहेतच. पण गेल्या दहा-बारा वर्षांत असे दिसले, की त्याहून अवघड आहे ते शास्त्रज्ञांनी एकमेकांना पटवणे, एकमेकांना तपासणे आणि एकत्र येणे.

गॉगलमधून दिसणारे आकाश

‘ध्रुवीकरण’ हा शब्द वाचला की हल्ली निवडणुकाच आठवतात. प्रकाशाच्या बाबतीत त्याचा अर्थ साधा आहे. प्रकाश ही लहर आहे आणि ती पुढे जाताना आडवी-उभी हेलकावत असते. दिव्याच्या प्रकाशात हे हेलकावे सर्व दिशांना सारखेच असतात. तेच जर एखाद्या दिशेला जास्त असतील, तर तो प्रकाश ध्रुवीकृत झाला असे म्हणतात.

हे घरबसल्या पाहता येते. पोलराइड गॉगल घालून ओल्या डांबरी रस्त्यावरची चकाकी पाहा. ती एकदम कमी होते, कारण पाण्यावरून परावर्तित होणारा प्रकाश मुख्यतः आडवा हेलकावत असतो आणि गॉगलची काच तेवढाच अडवते. तोच गॉगल डोळ्यांसमोर धरून सूर्यापासून काटकोनात असलेल्या निळ्या आकाशाकडे पाहत हळूहळू फिरवा (सूर्याकडे मात्र चुकूनही पाहू नका). आकाशाचा तो भाग गडद-फिका होताना दिसेल. सूर्यप्रकाश हवेतल्या रेणूंवर आपटून विखुरतो, तेव्हा तो ध्रुवीकृत होतो. मधमाश्या याच खुणेवरून दिशा ओळखतात.

सीएमबीचेही असेच झाले. पहिली सुमारे ३ लाख ८० हजार वर्षे विश्व इतके तप्त होते, की इलेक्ट्रॉन मोकळेच भटकत होते आणि प्रकाश त्यांच्यावर आपटत राहायचा. धुक्यात अडकलेल्या मोटारीच्या दिव्यासारखी त्याची अवस्था होती. विश्व थंड झाले, इलेक्ट्रॉन अणूंमध्ये बांधले गेले आणि प्रकाश सुटला. सुटण्यापूर्वीची त्याची जी शेवटची टक्कर झाली, तिची खूण ध्रुवीकरणाच्या रूपाने त्याच्यावर राहिली. इलेक्ट्रॉनच्या एका बाजूने जास्त गरम आणि काटकोनातल्या बाजूने कमी गरम प्रकाश येत असेल, तर विखुरलेला प्रकाश थोडासा ध्रुवीकृत होतो. म्हणजे ध्रुवीकरण मोजले, की त्या शेवटच्या टकरीच्या वेळी इलेक्ट्रॉनच्या आजूबाजूला काय चालले होते ते कळते.

असे काही असेल, हे मार्टिन रीस यांनी १९६८ मध्येच सांगितले होते. प्रत्यक्षात मोजायला २००२ साल उजाडले. दक्षिण ध्रुवावर ‘डासी’ नावाच्या दुर्बिणीने ते काम केले. इतकी वर्षे का लागली, हे आकड्यांवरून लक्षात येईल. सीएमबीचे तापमान आहे २.७२५ केल्विन, म्हणजे उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास. आकाशात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी त्यात पडणारा फरक एक लाखांश आहे. तो शोधणाऱ्या ‘कोबे’ उपग्रहाच्या जॉन मॅथर आणि जॉर्ज स्मूट यांना २००६ चे नोबेल मिळाले. ध्रुवीकरण त्याच्याही सुमारे दहा टक्के, म्हणजे केल्विनचे काही दशलक्षांश.

चांदणी आणि स्वस्तिक

पुढची पायरी १९९७ च्या सुमारास सुचवली गेली. मार्क कामियोन्कोव्स्की, आर्थर कोसोव्स्की आणि अल्बर्ट स्टेबिन्स यांनी एकीकडे, तर उरोश सेल्याक आणि मातियास झाल्दारियागा यांनी दुसरीकडे असे दाखवून दिले, की आकाशभर पसरलेल्या ध्रुवीकरणाच्या रेघांचे दोन प्रकार वेगळे काढता येतात.

हे दोन प्रकार रांगोळीवरून समजून घेऊ. उंबरठ्यावर एक चांदणी काढा आणि शेजारी एक स्वस्तिक. आता दोन्ही आरशात पाहा. चांदणी होती तशीच दिसेल, स्वस्तिक मात्र उलटे फिरलेले दिसेल. ध्रुवीकरणाच्या ज्या नक्षीला आरशात फरक पडत नाही, तिला ‘ई-मोड’ म्हणतात. स्वस्तिकासारखी डावी-उजवी फिरणारी नक्षी म्हणजे ‘बी-मोड’.

सुरुवातीच्या विश्वात द्रव्य कुठे दाट, कुठे विरळ होते. त्यातून फक्त ई-मोड तयार होतात. बी-मोड तयार व्हायला अवकाशच ताणले-दाबले जावे लागते, म्हणजे गुरुत्वीय लहरी लागतात. विश्वाच्या जन्मानंतर सेकंदाच्या अतिसूक्ष्म अंशात विश्व प्रचंड वेगाने फुगले, असा एक सिद्धान्त आहे. त्याला ‘इन्फ्लेशन’ म्हणतात. मराठीत आपण विश्वस्फीती म्हणू. ती खरोखर घडली असेल, तर तिने गुरुत्वीय लहरी उठवलेल्या असणार. त्या लहरी आज थेट पकडणे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे. त्यांचा ठसा मात्र सीएमबीच्या बी-मोडमध्ये उरलेला असू शकतो. तो सापडला, तर विश्वाच्या पहिल्या क्षणाचा तो जवळजवळ थेट पुरावा ठरेल. शिवाय गुरुत्वाकर्षणालाही पुंजभौतिकीचे नियम लागू होतात, याची ती पहिली खूण असेल.

अडचण एवढीच, की हा ठसा केल्विनच्या काही दशकोट्यंश इतकाच किंवा त्याहूनही फिका असणार. तो मोजायचे तर उपकरणे शून्याच्या वर केल्विनच्या दशांश भागाइतक्या तापमानापर्यंत थंड करावी लागतात. शिवाय हवेतले पाणी सूक्ष्मतरंग शोषते, म्हणून दुर्बिणी न्याव्या लागतात त्या जगातल्या सर्वांत कोरड्या जागी: दक्षिण ध्रुवावर, नाहीतर चिलीतल्या अटाकामा वाळवंटात ५,००० मीटरहून उंचावर.

१७ मार्च २०१४

दक्षिण ध्रुवावर २०१० ते २०१२ अशी तीन वर्षे ‘बायसेप-२’ नावाची एक छोटी दुर्बीण आकाशाच्या एकाच तुकड्याकडे टक लावून होती. तिचे भिंग जेमतेम २६ सेंटीमीटरचे होते, पण तिच्यात ५१२ संवेदक होते. १७ मार्च २०१४ रोजी या गटाने हार्वर्डमध्ये पत्रकार परिषद घेऊन जाहीर केले: बी-मोड सापडले!

जगभर बातमी झाली. विश्वस्फीतीचे एक जनक आंद्रेई लिंडे यांच्या दारावर बायसेप गटातले चाओ-लिन कुओ जाऊन उभे राहतात आणि निकाल सांगतात, ती चित्रफीत लाखो लोकांनी पाहिली. शॅम्पेन उघडली गेली. नोबेल कोणाला मिळणार याची चर्चाही सुरू झाली.

गटाचे मोजमाप खोटे नव्हते, हे आधी सांगितले पाहिजे. त्यांना खरेच बी-मोड दिसले होते आणि तो उपकरणाचा दोष नाही हे त्यांनी कसून तपासले होते. प्रश्न वेगळाच होता: ही नक्षी विश्वाच्या जन्मातून आलेली की वाटेतल्या कशातून?

आपल्या आकाशगंगेत तारकांमध्ये बारीक धूळ पसरलेली आहे. तिचे कण लांबट असतात आणि आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ते एका विशिष्ट दिशेने उभे राहतात. त्यांच्यातून निघणारे सूक्ष्मतरंग त्यामुळे ध्रुवीकृत असतात आणि त्यात बी-मोडही असतात. धूळ ओळखायची असेल तर वेगवेगळ्या वारंवारतांवर मोजावे लागते. वारंवारता वाढली की धुळीची चमक वाढत जाते, सीएमबीचे तसे नसते. बायसेप-२ मात्र १५० गिगाहर्ट्झ या एकाच वारंवारतेवर पाहत होती. एकाच रंगाच्या काचेतून पाहिले, तर कुंकू कोणते आणि गुलाल कोणता हे कसे ओळखणार?

धुळीचे ध्रुवीकरण साऱ्या आकाशभर मोजत होता युरोपीय अवकाश संस्थेचा ‘प्लँक’ उपग्रह. त्याची ती मोजमापे तोवर प्रसिद्ध झाली नव्हती. दोन्ही गट एकाच शर्यतीत होते. बायसेप गटाने धुळीचे जे वेगवेगळे अंदाज वापरले, त्यातला एक प्लँकच्या एका भाषणात दाखवलेल्या चित्रावरून काढलेला होता. म्हणजे हवा होता शेजाऱ्याच्या हिशोबाच्या वहीतला आकडा, आणि हाती आला तो लांबून काढलेला वहीचा फोटो.

शंका घ्यायला फार दिवस लागले नाहीत. दोनच महिन्यांत वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिले, की एवढे बी-मोड नुसत्या धुळीतूनही येऊ शकतात. शंका घेणाऱ्यांत उरोश सेल्याकही होते. बी-मोडची वाट सतरा वर्षांपूर्वी ज्यांनी दाखवली, त्यांनीच ‘जरा थांबा’ म्हटले. सप्टेंबर २०१४ मध्ये प्लँकने धुळीची मोजमापे प्रसिद्ध केली आणि जानेवारी २०१५ मध्ये दोन्ही गटांनी एकत्र बसून केलेला हिशोब जाहीर झाला. धूळ वजा केल्यावर विश्वस्फीतीच्या लहरींचा खात्रीशीर पुरावा म्हणावा असे काहीच उरत नव्हते.

चुकीतून उभी राहिलेली शिस्त

या प्रकरणावर बरेच हसू झाले. ‘नोबेल धुळीला मिळाले’ छापाचे विनोदही झाले. बायसेप प्रयोगाच्या कल्पनेत सहभागी असलेले ब्रायन कीटिंग यांनी तर नोबेल हुकण्यावर एक पुस्तकच लिहिले. पण दहा वर्षांनी मागे वळून पाहताना या घटनेची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. निकाल जाहीर झाल्यापासून अकरा महिन्यांच्या आत चूक शोधली गेली, मान्य केली गेली आणि सुधारली गेली. तेही बाहेरच्या कोणी कान धरल्यामुळे नाही. काल-परवापर्यंत स्पर्धक असलेले गटच आपापल्या वह्या उघडून समोरासमोर बसले.

पुढे या क्षेत्राची कामाची रीतच बदलली. बायसेपच्या पुढच्या दुर्बिणी अनेक वारंवारतांवर मोजू लागल्या. प्लँकची मोजमापे आज सगळ्यांसाठी खुली आहेत. दक्षिण ध्रुवावरची १० मीटरची मोठी दुर्बीण आणि बायसेपच्या छोट्या दुर्बिणी आता परस्परांची मोजमापे वापरतात. त्याचेही कारण आहे. सीएमबीचा प्रकाश वाटेत दीर्घिकांच्या समूहांजवळून येताना त्यांच्या गुरुत्वाने किंचित वळतो आणि त्यामुळे काही ई-मोडचे बी-मोड होतात. हे ‘वळणाचे’ बी-मोड २०१३ मध्ये पहिल्यांदा दिसले. खरे बी-मोड शोधायचे तर धुळीसारखेच हेही वजा करावे लागतात आणि त्यासाठी मोठ्या दुर्बिणीचे तपशीलवार चित्र लागते. एका गटाला हे एकट्याने झेपण्यासारखे उरलेले नाही.

आणखी एक सवय रुजली आहे. विश्लेषण सुरू असताना अंतिम आकडा विश्लेषकांपासूनच लपवून ठेवायचा, सगळ्या तपासण्या पार पडल्यावरच तो उघडायचा. आपल्याला हवे ते उत्तर आले की माणूस तपासणे थांबवतो, हा स्वभावच आहे. त्यावर हा उतारा.

निष्पन्न काय झाले, ते एका आकड्यात सांगता येते. गुरुत्वीय लहरींचा वाटा दाखवणाऱ्या संख्येला ‘आर’ म्हणतात. २०१४ चा दावा होता ०.२ चा. २०१५ च्या संयुक्त हिशोबात ‘०.१२ पेक्षा कमी’ एवढेच म्हणता आले. २०२१ मध्ये बायसेप गटाने ही मर्यादा ०.०३६ पर्यंत खाली आणली. काही सापडले नाही, म्हणून हे अपयश समजू नये. विश्वस्फीतीची जी साधीसोपी प्रारूपे पाठ्यपुस्तकांत पहिल्यांदा शिकवली जात, त्यातली बरीचशी या आकड्याने बाद झाली. अलेक्सेई स्टारोबिन्स्की यांचे १९८० चे प्रारूप अजून टिकून आहे. त्यानुसार ‘आर’ साधारण ०.००३ ते ०.००४ असायला हवा. म्हणजे आजच्या मर्यादेच्या दहा पट खाली.

पैसा कोणाला, आणि का?

दहा पट खाली जायचे तर पुढची पिढी उभारावी लागते आणि इथे विज्ञानाइतकाच समजावण्याचा भाग सुरू होतो. संशोधनाचा पैसा मर्यादित असतो. कणभौतिकीवाल्यांना नवा त्वरक हवा असतो, खगोलशास्त्रज्ञांना नवी दुर्बीण. त्यांना हे पटावे लागते, की ‘कदाचित सापडणारच नाही’ अशा ठशासाठी खर्च करणे योग्य आहे.

हे काम सीएमबीवाले पूर्वीपासून करत आले आहेत. अमेरिकेत २००५ मध्ये रेनर वाईस यांच्या अध्यक्षतेखालील कृती दलाने ध्रुवीकरणाच्या संशोधनाचा आराखडा मांडला होता. हेच वाईस पुढे ‘लायगो’साठी नोबेलचे मानकरी ठरले. त्याच वाटेवर ‘सीएमबी-एस४’ हा महाप्रकल्प आकाराला आला. चिली आणि दक्षिण ध्रुव अशा दोन्ही ठिकाणी दुर्बिणी, शेकडो शास्त्रज्ञ आणि ८० कोटी डॉलरच्या घरात खर्च. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या खगोलशास्त्रज्ञांच्या दशवार्षिक आढाव्याने त्याची शिफारस केली, तर २०२३ मध्ये कणभौतिकीच्या समितीने त्याला नव्या मोठ्या प्रकल्पांत पहिला क्रमांक दिला. दोन वेगळ्या शाखांचे असे एकमत होणे दुर्मीळ. तरीही २०२४ मध्ये दक्षिण ध्रुवावरील तळाच्या जुन्या झालेल्या सोयी आधी दुरुस्त कराव्या लागतील, या कारणाने तो अडला आणि २०२५ मध्ये अमेरिकेच्या दोन्ही सरकारी यंत्रणांनी पाठिंबा काढून घेतला. शास्त्रज्ञांचे आपसात पटले, म्हणजे काम झाले असे नाही, हाही एक धडा.

सगळे थांबलेले नाही. चिलीत ५,२०० मीटर उंचीवर ‘सायमन्स वेधशाळा’ खासगी देणगीच्या मोठ्या आधाराने उभी राहिली आहे. तिच्यात ६ मीटरची एक मोठी आणि अनेक छोट्या दुर्बिणी आहेत. चीनने तिबेटमधल्या अली प्रदेशात ५,२५० मीटरवर दुर्बीण बसवली आहे. जपानच्या ‘लाइटबर्ड’ या उपग्रहाची २०१९ मध्ये निवड झाली. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरून साऱ्या आकाशाचे ध्रुवीकरण मोजून ‘आर’ ०.००१ पर्यंत तपासायचा, हे त्याचे लक्ष्य आहे. तो २०३० च्या दशकात जाईल असे नियोजन आहे.

‘एवढे करून काही सापडले नाही तर?’ या प्रश्नाला या शास्त्रज्ञांचे उत्तर प्रामाणिक आहे. विश्वस्फीतीचे एक संस्थापक पॉल स्टाइनहार्ट हेच आज तिचे कडवे टीकाकार आहेत. विश्व आकुंचन पावून पुन्हा प्रसरण पावते, अशा त्यांच्या पर्यायी सिद्धान्तात दिसण्याजोगे आद्य बी-मोड असणारच नाहीत. म्हणजे सापडले तर एका बाजूची बोलती बंद, आणि खूप खाली जाऊनही न सापडले तर दुसऱ्या बाजूला बळ. २०१७ मध्ये या दोन बाजूंत मासिकाच्या पानांवर जाहीर वाद झाला, तेव्हा ३३ नामवंत शास्त्रज्ञांनी सह्या करून स्टाइनहार्ट यांना उत्तर दिले होते. असे वाद सह्यांच्या संख्येने मिटत नाहीत, मोजमापाने मिटतात.

शिवाय काही फळे तर नक्कीच मिळणार आहेत. न्यूट्रिनो या भुतासारख्या कणाचे वस्तुमान अजून मोजता आलेले नाही. सीएमबीच्या वळलेल्या प्रकाशावरून त्याचा अंदाज घेता येतो. त्याच वळणांवरून कृष्णद्रव्याचा नकाशा तयार होतो. पहिले तारे केव्हा पेटले याची खूणही ध्रुवीकरणातच आहे. आणि जी धूळ बायसेपला नडली, तिच्यावरून आकाशगंगेच्या चुंबकीय क्षेत्राचा अभ्यास करणारे दुसरे संशोधक आज खूश आहेत. एकाचा कचरा, तो दुसऱ्याचा माल!

पुणे ते हिंगोली

मराठी वाचकाला या कहाणीत एक ओळखीचा आवाज ऐकू यायला हवा. दिवंगत डॉ. जयंत नारळीकर हे महास्फोट सिद्धान्ताचे आयुष्यभराचे टीकाकार होते. फ्रेड हॉएल आणि जेफ्री बर्बिज यांच्याबरोबर त्यांनी १९९३ मध्ये पर्यायी सिद्धान्त मांडला. त्यात सीएमबी म्हणजे आदिम प्रकाश नव्हता. ताऱ्यांचाच प्रकाश लोखंडाच्या सुईसारख्या बारीक कणांनी शोषून पुन्हा सोडलेला, असे त्याचे स्पष्टीकरण होते. इथेही धूळच! निरीक्षणांनी त्या सिद्धान्ताला साथ दिली नाही. पण २००४ मध्ये जगभरच्या ज्या शास्त्रज्ञांनी वैज्ञानिक समुदायाला उद्देशून खुले पत्र लिहिले, की पैसा आणि दुर्बिणींचा वेळ एकाच सिद्धान्ताच्या वाट्याला जातो, त्यात नारळीकरांची सही होती. तो आक्षेप लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आणि त्याहून लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की त्यांनीच पुण्यात उभारलेल्या ‘आयुका’त सीएमबीवर काम करणारा देशातला एक महत्त्वाचा गट वाढला. संस्थापक संचालकांचे मत एक आणि संस्थेतल्या तरुणांचे काम दुसऱ्या दिशेने, तरी कोणाची अडवणूक नाही. आयुकातले तरुण सौरदीप आणि संजीत मित्र हे प्लँकच्या चमूत होते.

सौरदीप आणि देशभरातल्या अनेक संस्थांमधील त्यांचे सहकारी यांनी ‘सीएमबी-भारत’ या नावाने एकत्र येऊन २०१८ मध्ये इस्रोपुढे एका उपग्रहाचा प्रस्ताव ठेवला. धुळीचा धडा त्यात पुरेपूर उतरला आहे. अनेक वारंवारतांवर साऱ्या आकाशाचे ध्रुवीकरण मोजायचे, अशी त्याची रचना आहे. तो आजही प्रस्तावाच्याच टप्प्यावर आहे. त्यातल्या अडचणी खऱ्या आहेत. अतिशीत तापमानावर चालणारे संवेदक भारतात बनवण्याचा अनुभव कमी आहे, आणि उपकरण अवकाशात वर्षानुवर्षे तेवढे थंड ठेवणे सोपे नाही. ही तंत्रे बाहेरच्या देशांबरोबर भागीदारी करूनच शिकावी लागतील.

पण अशक्य काहीच नाही. १ जानेवारी २०२४ रोजी इस्रोने सोडलेला ‘एक्सपोसॅट’ हा क्ष-किरणांचे ध्रुवीकरण मोजणारा उपग्रह आहे. प्रकाशाचा प्रकार वेगळा, पण ध्रुवीकरण अवकाशातून मोजण्याची जिद्द तीच. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या ‘लायगो-इंडिया’चे उदाहरण तर आपल्या दारातले आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तत्त्वतः मान्यता आणि २,६०० कोटी रुपयांची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये. मधली सात वर्षे आयुकासह अनेक संस्थांतल्या लोकांनी जागा तपासत, विद्यार्थी तयार करत, गावोगावी लोकांशी बोलत काढली. हिंगोलीत कृष्णविवरांच्या टकरीतून आलेल्या गुरुत्वीय लहरी पकडल्या जातील आणि बी-मोडमध्ये शोधायच्या त्या विश्वजन्माच्या गुरुत्वीय लहरी. दोन्ही कामांची नाळ एकच.

प्लँकची मोजमापे आणि त्यांच्या विश्लेषणाच्या संगणकप्रणाली आज महाजालावर फुकट मिळतात. एम.एस्सी.चा कोणताही विद्यार्थी साध्या लॅपटॉपवर धूळ वजा करून पाहू शकतो. पुढच्या उपग्रहाला लागणारी माणसे तिथूनच येणार आहेत.

घरोघरी सेट-टॉप बॉक्स आल्यापासून टीव्हीवर मुंग्या दिसत नाहीत. केबल निघाली की निळ्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ अशी पाटी येते. सिग्नल मात्र आजही आहे. या क्षणी तुमच्या खोलीतल्या हवेच्या प्रत्येक घनसेंटीमीटरमध्ये त्या आदिम प्रकाशाचे सुमारे चारशे कण आहेत. त्यांच्यावर विश्वाच्या पहिल्या क्षणाचा ठसा आहे की नाही, हे अजून कोणालाही ठाऊक नाही.